हॉल, नोटीस आणि तीन बँड: लीड्समध्ये एक ग्लॅम-पंक शो उभा करताना

१७ मे २०२५, शनिवार. लीड्समधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये ग्लॅम-पंक (म्हणजे झगमगता वेष आणि रांगडं, वेगवान रॉक संगीत) गाणाऱ्या एका नव्या गायिकेचा स्वतःच्या नावावरचा पहिला शो झाला. तिच्याआधी दोन बँड वाजले. रात्री साडेदहाच्या आत संगीत थांबलं आणि शेजारपाजारहून एकही तक्रार आली नाही. काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, गेलेल्या अर्जावर सही माझी होती. मी संगीत क्षेत्रातली नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि कार्यक्रमांचा माझा अनुभव आपल्या मराठी मंडळींच्या गणपती-दिवाळीपुरता आहे. परक्या देशात ‘लायसन्स’, ‘काउन्सिल’, ‘पोलीस’ हे शब्द एकत्र ऐकले की पोटात गोळा येतो, तसा मलाही आला होता. म्हणून जे जसं झालं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे. तुमचा कार्यक्रम पंकचा असो नाहीतर कोजागिरीचा, इंग्लंडमध्ये फॉर्म तोच भरायचा असतो.

गायिका आमच्याच विभागात रिसेप्शनवर असते. नोकरी आणि गाणं ती वेगळं ठेवते, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दोन दिवस गप्प गप्प होती. चहाच्या वेळी विचारलं तेव्हा कळलं, २८ फेब्रुवारीला डेव्हिड जोहान्सन गेले होते. न्यूयॉर्क डॉल्स या बँडचे गायक. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये हा बँड जमला, १९७३ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. लिपस्टिक, उंच टाचांचे बूट, बायकी कपडे घातलेले पाच पुरुष आणि त्यासोबत अत्यंत रांगडी, वेगवान गिटार. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पण पुढे पंक म्हणून जे काही जन्माला आलं त्याच्या मुळाशी ही मंडळी होती. त्या गाजलेल्या संचातले जोहान्सन शेवटचे उरले होते. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांचे फोटो बघून काजळ घालायला शिकलं होतं.

तिला शो करायचा होता. अर्ध्या तासाहून जास्त वेळची स्वतःची गाणी तयार होती, मागे वाजवणारे तिघं होते, आणि इतरांच्या शोआधी वाजवून वाजवून थोडा प्रेक्षकही जमला होता. अडचण जागेची होती. एका ठिकाणी तिला सांगण्यात आलं, तारीख देतो पण चाळीस तिकिटं तुम्ही आगाऊ विकत घ्या, मग ती विका नाहीतर घरी ठेवा. नव्या कलाकारांकडून असे पैसे घेण्याची पद्धत जुनी आहे आणि ती मला मनापासून चीड आणते. महिन्याचं घरभाडं भरताना ओढाताण होणाऱ्या मुलीनं स्वतःच्याच शोची तिकिटं का विकत घ्यायची? मी म्हटलं, हॉल भाड्यानं घेऊ. आम्ही दिवाळीला घेतोच की.

हॉल शोधताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: दारू विकायची आहे की नाही हे आधी ठरवा. पहिला हॉल मेथडिस्ट चर्चचा होता. स्वच्छ, स्वस्त, बसथांब्यासमोर. पण मेथडिस्ट चर्चच्या जागेत दारू विकता किंवा वाटता येत नाही, तो त्यांचा जुना नियम आहे. तिथल्या बाईंनी फोनवरच मोकळेपणानं सांगितलं आणि दुसऱ्या हॉलचा नंबरही दिला. आपल्या भोंडल्याला किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असा हॉल उत्तम. आमच्या शोचं गणित मात्र बारवर अवलंबून होतं.

दुसरा हॉल रहिवाशांच्या संघटनेचा. उभ्यानं १५० माणसं मावतात. भाडं १६० पौंड आणि परत मिळणारं डिपॉझिट १५० पौंड. १० मार्चला त्यांच्या समितीला ईमेल केली, उत्तर यायला आठवडा गेला. समितीवर सगळे निवृत्त लोक, महिन्यातून एकदा भेटणारे. ‘ग्लॅम-पंक’ हा शब्द मी ईमेलमध्ये लपवला नाही. त्याऐवजी सोबत माहिती दिली: कार्यक्रम किती वाजता सुरू, किती वाजता बंद, किती माणसं, दारावर कोण, बार कोण बघणार, साफसफाई कोण करणार. खजिनदार आजोबांचा फोन आला. त्यांना संगीताबद्दल काही विचारायचं नव्हतं. त्यांना हवा होता पब्लिक लायबिलिटी विम्याचा कागद, ५० लाख पौंडांचा. कुणी घसरून पडलं, कुणाच्या डोक्यावर स्पीकर पडला तर भरपाईची सोय असावी म्हणून. एका दिवसाच्या कार्यक्रमाचा असा विमा ऑनलाइन मिळतो; मला ५८ पौंड पडले. वाजवणारे म्युझिशियन्स युनियनचे सभासद असतील तर त्यांना सभासदत्वासोबतच १ कोटी पौंडांपर्यंतचा असा विमा मिळतो, पण तो त्यांच्या वाजवण्यापुरता. आयोजकाचा वेगळा लागतो.

हॉलच्या करारपत्रात आणखी दोन कलमं होती, आणि ती नीट वाचली म्हणून पुढचा घोळ टळला. धुराचं यंत्र चालणार नाही, कारण छतावरच्या डिटेक्टरमुळे फायर अलार्म वाजतो. आणि चमकी, कॉन्फेटी बंद. लाकडी फरशीच्या फटींतून चमकी निघत नाही आणि सोमवारी सकाळी तिथेच लहान मुलांचा वर्ग भरतो. चमकीशिवाय ग्लॅम म्हणजे काय, असा चेहरा करून गायिका माझ्याकडे बघत राहिली. त्यावर काय केलं ते पुढे येईलच.

आता मुख्य कागद. त्याचं नाव टेम्पररी इव्हेंट नोटीस, सगळे ‘टेन’ म्हणतात. लायसन्सिंग अॅक्ट २००३ मधली ही तरतूद आहे आणि इंग्लंड-वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा. फी २१ पौंड. वयाची अठरा वर्षं पूर्ण असलेली कुणीही व्यक्ती ती देऊ शकते, व्यवसाय किंवा कंपनी असण्याची गरज नाही. एका वेळी जागेत जास्तीत जास्त ४९९ माणसं, आणि यात वाजवणारे, बारवरचे, दारावरचे सगळे धरायचे. कार्यक्रम सलग १६८ तासांपेक्षा लांब नको. ज्याच्याकडे पर्सनल लायसन्स (दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना) नाही अशी व्यक्ती वर्षाला पाच टेन देऊ शकते. आपल्या मंडळांमध्ये सगळे अर्ज बहुधा सेक्रेटरींच्याच नावावर जातात, त्यामुळे हा आकडा त्यांनी लिहून ठेवावा.

गंमत म्हणजे संगीतासाठी हा कागद आम्हाला लागतच नव्हता. लाइव्ह म्युझिक अॅक्ट २०१२ आणि त्यानंतर २०१५ मध्ये आलेल्या सवलतींमुळे सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, पाचशेपर्यंत प्रेक्षकांसमोर, कम्युनिटी हॉलमध्ये स्पीकर लावून गाणं-वाजवणं करायला वेगळा परवाना लागत नाही. हॉलवाल्यांची संमती पुरते. टेन हवी होती ती फक्त बारसाठी. आणि इथे खूप लोक फसतात: ‘तिकिटासोबत एक ग्लास वाइन फुकट’ असं लिहिलं तरी कायद्यानं ती विक्रीच. कारण पैसे घेतल्याशिवाय तो ग्लास मिळत नाही.

तारखांचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. नोटीस काउन्सिलच्या हातात पडल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस सोडून मध्ये पूर्ण दहा कामकाजाचे दिवस हवेत. १७ मेपासून मागे मोजलं तर मध्ये ५ मेची बँक हॉलिडे येते, त्यामुळे शेवटची तारीख १ मे निघते. कॅलेंडर न बघता दोन आठवडे धरणारा माणूस इथे अडकतो. उशिराची टेनही असते, पाच ते नऊ कामकाजाचे दिवस आधी दिलेली, पण तिच्यावर पोलीस किंवा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ (काउन्सिलचा आवाज-आरोग्य बघणारा विभाग) यांच्यापैकी एकानं हरकत घेतली की विषय संपला. सुनावणी नाही, दाद नाही. वेळेत दिलेल्या टेनवर हरकत आली तर निदान सुनावणी होते, किंवा हरकत घेणाऱ्यांच्या संमतीनं नोटिशीत बदल करून मार्ग निघू शकतो. म्हणून मी ७ एप्रिललाच, ईस्टरच्या सुट्ट्यांआधी, ऑनलाइन भरून टाकली. ऑनलाइन भरली की पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थ यांना प्रती काउन्सिल पाठवतं. कागदावर भरली तर दोन्हीकडे प्रती तुम्हीच पाठवायच्या.

फॉर्म लांबलचक नाही. जागेचा पत्ता, त्यातला कुठला भाग वापरणार, कार्यक्रमाचं स्वरूप, वेळ, जास्तीत जास्त माणसं, दारू तिथेच पिण्यासाठी की बाहेर नेण्यासाठी. माणसांच्या रकान्यात मी १४० लिहिलं. हॉलची क्षमता १५० असताना काठोकाठ आकडा टाकायचा नाही, हे दिवाळीच्या कार्यक्रमांनी शिकवलं आहे.

नोटीस मिळाल्यापासून पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थला हरकतीसाठी तीन कामकाजाचे दिवस असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. एन्व्हायर्नमेंटल हेल्थच्या बाई होत्या. छातीत धडधडलं. त्यांनी विचारलं: खिडक्या बंद राहणार का, स्पीकरची तोंडं कुठे, ड्रम किती वाजता थांबणार, लोक बाहेर सिगरेट ओढायला कुठे उभे राहणार. मी कागद समोर घेऊनच बोलले. खिडक्या बंद, मागचं दार फक्त आणीबाणीसाठी, संगीत साडेदहाला बंद, धूम्रपान पुढच्या रस्त्याच्या बाजूला, घरांच्या बाजूला नाही. त्या म्हणाल्या, आजूबाजूच्या घरांत चिठ्ठी टाका, त्यावर त्या रात्री उचलला जाईल असा फोन नंबर द्या. अत्यंत उपयोगी सल्ला. ११ एप्रिलला सकाळी मुदत संपल्याची खात्री करायला मी काउन्सिलला ईमेल केली, हरकत नव्हती. टेनमध्ये काउन्सिलच्या मर्जीची वाट बघायची नसते. मर्यादेत बसणारी नोटीस वेळेत दिली आणि हरकत आली नाही की कार्यक्रम करायला तुम्ही मोकळे. पोच पावतीची आणि नोटिशीची प्रत त्या रात्री जागेवर ठेवायची. मी हॉलच्या दर्शनी फलकावर लावली.

त्या दिवशी गायिकेनं मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून या फॉर्मकडे बघण्याची माझी नजर बदलली. डिसेंबर १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा ब्रिटनभर दौरा ठरला होता. सोबतीला द क्लॅश, द डॅम्ड आणि न्यूयॉर्कहून आलेला हार्टब्रेकर्स हा बँड, ज्यात डॉल्स सोडलेला गिटारवाला जॉनी थंडर्स होता. दौरा सुरू होण्याआधी टीव्हीवरच्या मुलाखतीत शिवीगाळ झाली, वर्तमानपत्रं पेटली आणि गावोगावची काउन्सिलं व हॉलवाले मागे सरले. डर्बीच्या काउन्सिलरांनी तर आधी आमच्यासमोर वाजवून दाखवा, मग ठरवू, अशी अट घातली. बँडनं नकार दिला. वेल्समधल्या केरफिलीत शो झाला, पण बाहेर लोक निषेध म्हणून ख्रिसमसची भजनं म्हणत उभे होते. वीसेक ठरलेल्या कार्यक्रमांपैकी मोजकेच पार पडले. त्यातला पहिला ६ डिसेंबरला आमच्या लीड्समध्ये, तेव्हाच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आजच्या लीड्स बेकेट विद्यापीठात. ज्या शहरात थंडर्स वाजवून गेला तिथे आज २१ पौंडांच्या नोटिशीवर, कुणालाही गाणं ऐकवून दाखवल्याशिवाय, एका रिसेप्शनिस्ट मुलीचा शो होऊ शकतो, हे तिला फार मोठं वाटत होतं. मलाही वाटलं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, हे माहीत असलेल्या माणसाला तर जास्तच.

आधीचे दोन बँड ठरवणं हे काम मी सोपं समजत होते, ते सगळ्यात नाजूक निघालं. पहिल्या बँडला कुणी ऐकत नाही, लोक अजून कोट काढत असतात, असा सर्वसाधारण समज. गायिकेचं मत ठाम होतं: दोन्ही बँडना ठरलेले पैसे, जेवण, पोस्टरवर वाचता येईल एवढ्या अक्षरांत नाव, आणि साउंडचेक, म्हणजे शोआधी आवाजाची चाचणी. ती स्वतः कितीतरी ठिकाणी साउंडचेकशिवाय वाजली आहे. तिनं मार्क बोलनचं उदाहरण दिलं. टी. रेक्स या बँडचा हा ग्लॅमचा राजा मार्च १९७७ मध्ये दौऱ्यावर निघाला तेव्हा त्यानं सोबत द डॅम्डना घेतलं, स्वतःपेक्षा तरुण, स्वतःपेक्षा गोंगाटी. त्याच सप्टेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला. नव्या लोकांना आपल्या प्रेक्षकांसमोर उभं करण्यात काहीच कमीपणा नसतो, हे ती त्याच्याकडून शिकली म्हणाली.

पहिला बँड दोघींचा: एक बास, एक की-बोर्ड, आणि ड्रमच्या जागी यंत्र. दुसरा पन्नाशीतल्या तिघांचा, दिवसा एक जण प्लंबर, एक शिक्षक, एक बस चालवणारा. प्रत्येक बँडला ८० पौंड ठरले आणि मी ते ईमेलवर लिहून दिले: रक्कम, येण्याची वेळ, वाजवण्याची वेळ, कुणाचा अँप्लिफायर, कुणाचा ड्रमसेट. एकच ड्रमसेट आणि एकच बास अँप सगळ्यांनी वापरायचा ठरवला की दोन बँडमधली पंधरा मिनिटं वाचतात. झांजा आणि स्नेअर ड्रम मात्र प्रत्येक ड्रमर आपापला आणतो, ही इथली रीत.

या टप्प्यावर एक गोष्ट आपल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिते. कोल्हापूरचा एक विद्यार्थी इथे एमएस्सी करतो, गिटार सुंदर वाजवतो. ‘ताई, मी पहिल्या बँडबरोबर दोन गाणी वाजवू का, पैसे नकोत मला,’ म्हणाला. स्टुडंट व्हिसाच्या अटींमध्ये स्वयंरोजगार बसत नाही आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून कामही बसत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम नाही, असं गृहीत धरता येत नाही. मी त्याला विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारायला लावलं. त्यांनी सबुरीचा सल्ला दिला आणि तो तिकीट काढून प्रेक्षकांत आला. त्याचा हिरमुसलेला चेहरा बघवत नव्हता, पण एका संध्याकाळसाठी व्हिसा पणाला लावू नये. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आयोजक म्हणून स्वतःच्या नावावर तिकिटं विकण्याआधी तुमच्याही अटी नीट वाचा. माझ्याकडे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) असल्यामुळे हा प्रश्न आला नाही.

संगीताच्या हक्कांचं प्रकरण वेगळं. हॉलकडे रोजच्या वापरासाठी ‘द म्युझिक लायसन्स’ होतं, पण तिकीट लावून केलेल्या मैफलीचं शुल्क पीआरएस फॉर म्युझिक या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे वेगळं भरावं लागतं. पॉप-रॉक शोसाठी तिकीटविक्रीच्या ४.२ टक्के असा दर आहे, वर व्हॅट. मला आधी वाटलं, गाणी सगळी गायिकेची स्वतःची, मग शुल्क कशाला? पण ती पीआरएसची सभासद आहे. सभासद झालं की सादरीकरणाचा हक्क संस्थेकडे जातो, आणि शुल्क संस्थेतून फिरून गीतकार-संगीतकाराकडे येतं. त्यासाठी कुठली गाणी वाजली याची यादी भरावी लागते. म्हणून शो संपल्यावर तिन्ही बँडकडून गाण्यांच्या याद्या तिथेच घेतल्या. फरशीला चिकटवलेले कागदच मी सोलून पिशवीत टाकले. नव्या कलाकारांना ही यादी भरायची सवय नसते आणि त्यांचे हक्काचे थोडे पैसे तसेच राहतात.

तिकीट आगाऊ ८ पौंड, दारावर १०. एप्रिलअखेरपर्यंत विक्री इतकी संथ होती की मला झोप लागेना. गायिका शांत होती. म्हणाली, इथे लोक शेवटच्या आठवड्यात ठरवतात. तसंच झालं. व्हीलचेअरवरच्या एका चाहतीनं ईमेल करून विचारलं तेव्हा तिच्या सोबत्याचं तिकीट मोफत केलं आणि मंचाच्या डाव्या बाजूला, स्पीकरपासून दूर, जागा आखून ठेवली. हॉलला उतार होता आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर होतं. हे हॉल बघायला जाल तेव्हाच तपासा.

शोचा दिवस. दुपारी तीनला हॉल उघडला. साउंड सिस्टीम आणि इंजिनिअर मिळून २२० पौंड. वायर, स्टँड, माइक सगळं त्याचं. साउंडचेक उलट्या क्रमानं होतं हे मला इथेच कळलं: मुख्य गायिका पहिली, सगळ्यात आधी वाजणारा बँड शेवटी. म्हणजे त्यांचं सामान जागेवरच राहतं आणि दारं उघडली की तसंच सुरू करता येतं. मुख्य कलाकार रेंगाळला तर पहिल्या बँडचा साउंडचेक मारला जातो, बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होतं. गायिकेनं तीन गाण्यांत आटपलं आणि स्वतः घड्याळ लावून उभी राहिली.

बारवर माझा नवरा आणि मंडळातले दोघं. दारू अशा दुकानातून घेतली जिथे न उघडलेल्या पेट्या परत घेतात. पंचविशीच्या आतला दिसेल त्याला ओळखपत्र विचारायचं, ही इथली पद्धत. अठराच्या वरच्यांना मनगटावर कागदी पट्टा. साध्या पाण्याचे जग फुकट. दारावरचा माणूस ९० पौंडांत ठरवला, त्याचा एसआयए (सुरक्षारक्षकांना परवाना देणारी सरकारी संस्था) परवाना क्रमांक त्यांच्या जाहीर नोंदवहीत ऑनलाइन तपासून. सगळ्यांना इअरप्लग दिले. आवाजाच्या नियमांप्रमाणे दिवसभराची सरासरी ८५ डेसिबलवर गेली की कामगारांना कान झाकायला लावणं मालकाची जबाबदारी असते. आमचे लोक पगारी नव्हते, पण कान सगळ्यांचे सारखेच.

चमकीचा प्रश्न असा सुटला. पुण्याहून येताना मी नेहमी टिकल्यांची पाकिटं आणते. ती मी तिच्यापुढे ठेवली: खड्याच्या, सोनेरी, हिरव्या, चंद्रकोरी. मागे गोंद असतो, गळत नाहीत. स्वच्छतागृहाच्या आरशासमोर तिनं डाव्या भुवईच्या टोकापासून कानशिलापर्यंत एकेक टिकली लावत नेली, मोठीपासून बारकीपर्यंत, आणि उरलेल्या गळ्याच्या हाडावर. जॅकेट जुनं, काळं, पण बाह्यांना ब्रॅडफर्डच्या साड्यांच्या दुकानातून आणलेली जरीची किनार तिनं स्वतः सेफ्टी पिनांनी लावलेली. शिवायला वेळ नव्हता आणि पिना दिसाव्यात हेही तिला हवं होतं. दिव्याखाली ती बाही हलली की जर आणि पिन दोन्ही चमकायचं.

साडेसातला दोघी सुरू झाल्या तेव्हा हॉलमध्ये साठेक माणसं होती आणि कुणी बारपाशी घुटमळत नव्हतं, कारण गायिका स्वतः पुढच्या रांगेत उभी होती. तिला तिथे बघून बाकीचे पुढे सरकले. तिसऱ्या गाण्यात ड्रमचं यंत्र बंद पडलं. की-बोर्डवाली थबकली, आणि बासवालीनं थांबण्याऐवजी पायानं ठेका धरला. लाकडी फरशी असल्यामुळे तो हॉलभर ऐकू गेला, लोकांनी टाळ्यांनी उचलून धरला, आणि गाणं त्यावरच पूर्ण झालं. पन्नाशीतले तिघं सव्वाआठला, पस्तीस मिनिटं, एक वाक्यही न बोलता.

सव्वानऊला गायिका. मला त्या संगीताची भाषा येत नाही, त्यामुळे समीक्षा करणार नाही. एवढं सांगते, की रोज सकाळी ‘तुमची अपॉइंटमेंट किती वाजता आहे’ असं हळू आवाजात विचारणारी मुलगी मंचाच्या कडेवर एक पाय ठेवून उभी राहिली आणि पहिली ओळ तिनं माइकपासून हातभर लांब तोंड ठेवून म्हटली, तरी ती मागच्या भिंतीपर्यंत पोचली. शेवटच्या आधीचं गाणं तिनं जोहान्सन यांना वाहिलं. नाव घेतलं, वर्षं सांगितली, बस. खजिनदार आजोबा कुलूप लावायला म्हणून लवकर आले होते, ते दाराशी उभे राहून पूर्ण ऐकत होते. दहा वीसला संपलं.

मी फोन हातात धरून बाहेर एक फेरी मारली. चिठ्ठीवरच्या नंबरवर एकच फोन आला होता, समोरच्या घरातून: पुढचा शो कधी?

हिशेब असा. तिकिटांचे ८५० पौंड. खर्च: हॉल १६०, साउंड २२०, दारावरचा माणूस ९०, विमा ५८, बँडचं जेवण ४५, पोस्टर २४, टेन २१, आणि पीआरएससाठी ५० बाजूला काढले. एकूण ६६८. बारचा निव्वळ फायदा २६०. हातात राहिले ४४२, त्यातून दोन्ही बँडचे १६० त्याच रात्री पाकिटात घालून दिले, उरलेले २८२ गायिका आणि तिच्या तिघांचे. चौघांत फार नाहीत. पण कुणी स्वतःच्या शोचं तिकीट विकत घेतलं नाही. बार नसता तर बँडचे पैसे जेमतेम निघाले असते आणि गायिकेच्या हाती जवळपास काहीच उरलं नसतं, तेव्हा असं काही करणार असाल तर बारचा अंदाज कमी धरा आणि आधीच्या बँडची रक्कम सगळ्यात आधी बाजूला काढा, उरलं तर देऊ असं ठेवू नका.

हॉलचं डिपॉझिट २८ मेला पूर्ण परत आलं. फरशी तपासून, अर्थातच. गाण्यांच्या याद्या आम्ही पुढच्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत बसून भरल्या. पहिल्या बँडमधल्या दोघींचं पीआरएसचं सभासदत्व नव्हतं, त्याचा अर्जही गायिकेनं त्यांच्यासोबत बसून भरून घेतला. माझ्या वर्षाच्या पाचांतल्या चार टेन अजून शिल्लक आहेत. त्यातली एक दिवाळीची, आणि एक नोव्हेंबरसाठी त्या दोघींनी मागून ठेवली आहे.